फ्लेक्सवरचा फौजी

आबांच्या पहिल्या पुण्यस्मरणाला खलाट्यांनी कशाचीच कसर ठेवली नाही. दारापुढं मोठा मांडव, मांडवात गालिचे, नगरकडचे कीर्तनकार महाराज, बुंदी-आमटीचा महाप्रसाद आणि जळोचीच्या वळणावरूनच नजरेत भरेल असा फ्लेक्स. माणूस जिवंत असताना जे जे राहून जातं ते अशा एका दिवसात उरकून घ्यायची आपल्याकडं रीत आहे, आणि रीतीत आबांचा मुलगा विजयसिंह कुणाला हार जाणारा नव्हता.

फ्लेक्सची कल्पना त्याच्या मुलाची, अविराजची. गेल्या साली दहाव्याला लावलेला आजोबांचा फोटो अगदीच म्हातारपणीचा होता. तोंडाचं बोळकं झालेलं, मफलर गुंडाळलेला. "पप्पा, ह्या वेळेला यंगमधला लावू, मिलिटरीतला," असं म्हणून त्यानं बापाच्या शेती अवजारांच्या शोरूमच्या माळ्यावरची आबांची जुनी रेक्झिनची पिशवी उपसली. तिच्यातल्या फवारणीच्या पंपांच्या चित्रांच्या पुस्तकात त्याला एकच फोटो सापडला. त्यात गणवेशातले दोन जवान होते. एक खुर्चीवर ताठ बसलेला, दुसरा मागं उभा राहून बसलेल्याच्या खांद्यावर हात ठेवलेला. बसलेला नाकीडोळी देखणा होता, उभा राहिलेला फोटो काढताना जरासा हलला होता. आपला आजोबा म्हटल्यावर देखणाच असणार, असं धरून अविराजनं बसलेला उचलला. विजयसिंहनं गिऱ्हाइकाशी बोलता बोलता मोबाईलवर नजर टाकली आणि अंगठा पाठवला. खांद्यावरचा हात पुसायला गेलं तर खांदाही पुसला जातोय, असं फ्लेक्सवाला म्हणाला, तेव्हा हात तसाच राहू दिला. असेल कुणी मित्राचा.

खाली अक्षरं होती: 'भारतमातेचे वीर सुपुत्र, १९७१च्या युद्धातील योद्धे, कै. झुंबरराव खलाटे (फौजी)'. फौजेत आबांची नऊ वर्षं गेली. त्यानंतरची चाळीस वर्षं त्यांनी राजदूत मोटारसायकलवर फवारणीचे पंप बांधून बारामती आणि इंदापूर तालुका पालथा घातला. त्या चाळीस वर्षांचं फ्लेक्सवर अक्षरसुद्धा नव्हतं.

राजेश्वरीनं नवऱ्याला विचारलंही होतं, "पंपाचं काही नाही घालायचं?"

"लोकांना म्हाईत हाय की ते," विजयसिंह म्हणाला होता आणि विषय संपला होता. कारखान्याची निवडणूक तोंडावर आली होती, पॅनेल संभाजीतात्या ठरवणार होते, आणि तात्या आज पहिल्या रांगेत बसणार होते. पण खरं कारण त्याहून जुनं होतं. शाळेत पोरं विजयसिंहला 'फवारा' म्हणायची. पन्नाशी आली तरी ते नाव त्याच्या अंगावरून वाळलं नव्हतं. सैनिकाचा मुलगा म्हणवून घ्यायला त्याला आवडायचं, पंपवाल्याचा म्हटलं की चेहरा उतरायचा.

कीर्तन रंगात आलं होतं. फाटकापाशी एक पिकअप थांबली आणि तीतून ज्ञानेशनं आपल्या आईला हाताला धरून उतरवलं. डाळजच्या लीलाबाई. आबांच्या पलटणीतला दोस्त कुंडलिक लढाईत गेला, त्याची ही बायको. पुढं धाकट्या दिराशी तिचा पाट लागला आणि ज्ञानेश त्या दुसऱ्या संसारातला. खलाट्यांच्या घरात तिच्याबद्दल एवढीच माहिती होती. गेल्या साली गुडघ्याच्या ऑपरेशनमुळं तिला दहाव्याला येता आलं नव्हतं.

इंदापूरला दिलेली आबांची लेक संजीवनी पुढं झाली. "या काकी, या. दमला असाल."

लीलाबाईंनी ऐकलं नाही. त्या फ्लेक्ससमोर उभ्या होत्या. मग त्यांनी काय करावं? हळूच डोक्यावर पदर घेतला आणि तो कपाळापर्यंत ओढला. कुणी वडीलधारं समोर आल्यावर नवी सून घेते तसा.

"कुनी लावला गं ह्यो?"

"आमच्या अविराजनं. आबांचा तरुणपणीचा हाय, काकी. तुमी तर बघितलं असंल त्यांना तवा."

"बघितलं की." लीलाबाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "पन ह्ये भाऊजी न्हवं. ह्ये माझं मालक हायती."

संजीवनीला हसू आलं. वयानं होतं असं, असं तिला वाटलं. "काकी, आबाच हायत ते. खाली नाव हाय बघा."

"नाव कुनीबी लिवंल. मानसाला मी वळखते का अक्षरं वळखतीत?" लीलाबाईंनी काठी उचलून फ्लेक्सच्या उजव्या बाजूला धरली. "आन् तुझा बा पायजे आसंल तर ह्यो बघ. ह्यो खांद्यावरचा हात. ह्यो तुझ्या बाचा."

संजीवनीनं बघितलं. हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वळलेली होती. लहानपणी कडबा तोडताना मोडलेली आणि तशीच वाकडी जुळलेली करंगळी. आई माहेरी गेली की ह्याच हातानं आबा तिची वेणी घालायचे आणि ती करंगळी तिच्या मानेला टोचायची. काल संध्याकाळपासून ती ह्या फ्लेक्सखाली माळा ओवत बसली होती. सकाळी हाच फोटो तिनं स्टेटसला ठेवला होता, खाली लिहिलं होतं, 'माझा बाप माझा अभिमान'. पन्नासएक जणांनी हात जोडले होते.

बुंदीच्या कढईमागं, धुरात, तिनं भावाला गाठलं. बरोबर राजेश्वरी आली आणि आईनं खुणावलं म्हणून अविराजही.

"दादा, फ्लेक्सवर आबा न्हायत."

विजयसिंहला ते समजायला जरा वेळ लागला. समजलं तसा तो आधी पोरावर घसरला. "तुला एक काम सांगितलं होतं! एक!"

"पप्पा, मी तुम्हाला पाठवला होता. तुम्ही ओके केला."

"मला वाटलं तू बघितलं असशील."

"मी कुठनं बघणार? मी जन्मलो तेव्हा आजोबा रिटायर व्हायच्या वयाचे." अविराज रडकुंडीला आला होता. "तुम्हाला तरी माहीत पाहिजे होतं ना तुमचे वडील कसे दिसायचे?"

विजयसिंहच्या आई द्वारकाबाई असत्या तर त्यांनी एका नजरेत सांगितलं असतं, पण त्यांना जाऊन आठ वर्षं झाली होती. आबांना तरुणपणी बघितलेलं ह्या घरात कुणीच उरलं नव्हतं, आणि आबांनी कधी सांगायला घेतलं तर ऐकायला कुणी बसलं नव्हतं.

"आत्ताच्या आत्ता उतरवायचा," संजीवनी म्हणाली.

"येडी झालीस? तात्या पुढं बसलेत. बाराला पुष्पवृष्टी. फुलं पडली, लोक जेवायला उठले की उतरवू. कुणाला कळणाराय?"

"काकींना कळलंय. मला कळलंय. एवढी माणसं परक्या माणसाला फुलं वाहणार आणि आबा तसेच?"

"लई कळवळा आला. काल आल्यापासनं तू त्या फ्लेक्सखालीच बसलीयस की. तू तरी कुठं वळखलास?"

संजीवनीच्या बाजूनं बोलायला तिथं कुणी नव्हतं. राजेश्वरी नवऱ्याची झाली. "वन्सं, आता काढायचा म्हणजे मागं नुसते बांबू दिसतील. लोक विचारतील. चार माणसांत शोभा नको. मी काकींना आत बसवते, चहा देते. त्यांना समजावून सांगते."

समजावणं राजेश्वरीला चांगलं जमायचं. सासरे-नवऱ्यात ती कैक वर्षं हेच करत आली होती. लीलाबाईंना मधल्या खोलीत पलंगावर बसवून तिनं चहा हातात दिला आणि सुरुवात केली, "काकी, पोराकडनं चूक झाली..."

"चुकलं म्हंजी? लई ब्येस झालं." लीलाबाईंनी बशीत चहा ओतला. "काढू बिढू नगासा. माझी एवढी इनंती हाय."

राजेश्वरी त्यांच्या शेजारी पलंगावर टेकली.

"तार आली तवा मी एकोनीस-इसाची. वरीस भरायच्या आत दिरासंगं पाट लावला. दीर गुनाचा व्हता, बोल लावाय जागा न्हाय. पन त्याच्या घरात पयल्याचं वर्षश्राद्ध कोन करनार? त्ये ऱ्हायलं ते ऱ्हायलंच. आन् फोटु कुठं लावू? भाऊजींनी आनून दिला व्हता, मी म्हनलं, भाऊजी, तुमीच ठिवा."

"मग?"

"मग काय. दर साली यायचा तुझा सासरा पंप घिऊन. पारावर पंप मांडायचा, पाठीला अडकवून गावची पोरं भिजवायचा, समद्यास्नी हसवायचा. मग आमच्या वसरीला. धाकलं मालक म्हनायचं, अगं, पंपवालं आलं, बघ काय पायजे का. भाऊजी पंपाच्या चित्रांचं पुस्तक उघडायचं. मधल्या पानात फोटु. मी आपली पंप बघितल्यागत करायची." लीलाबाई हसल्या. त्यांचे पुढचे दोन दात नव्हते. "रान आमचं दोन एकर आन् घरात पंप झालं चार. ज्ञानेशचा बा म्हनायचा, हिला पंपाचा लई नाद!"

राजेश्वरीलाही हसू आलं, आणि त्या हसण्यातच तिचे डोळे भरले.

"तुमी फिरनं बंद केलं त्येंचं, तवापासनं फोटु न्हाय बघितला. म्हनलं आता मरताना चेहरा तरी आठवतुया का न्हाय. आन् आज दारातच उभं. एवढं मोठं."

"आबा तसेही येऊ शकले असते की. पंप नसला म्हणून काय झालं?"

"आगं, विकायला काय तरी लागतंया बाय. नुसत्या हातानं बाईमानसाच्या दारात दर साली कसं यायचं? गाव हाय का रान हाय?"

राजेश्वरी उठली. ती पिशवी माळ्यावर कुणी टाकली होती हे तिला ठाऊक होतं, आणि टाकली तेव्हा 'बरं झालं बाई' असं आपण मनात म्हणालो होतो हेही. दारापर्यंत जाऊन ती वळली. "काकी, लोकांना सांगितलं तर चालंल?"

"सांगा की. त्यात लपवायचं काय? धाकलं मालकबी गेलं आता. पन फुलं पडू द्या."

मांडवात महाराज समारोपाला आले होते. विजयसिंह स्टेजच्या कडेला हात जोडून उभा होता. राजेश्वरी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि नवऱ्याचं नाव न घेणारी ती बाई त्याच्या कानात म्हणाली, "फ्लेक्स काढायचा नाही. पण माईकवर जाऊन खरं सांगायचं."

"तू तर मघाशी..."

"मघाशी मला माहीत नव्हतं." तिनं चार वाक्यांत सगळं सांगितलं. "तुम्ही नाही सांगितलं तर मी जाते."

विजयसिंहनं बहिणीकडं बघितलं. बायकांमध्ये बसलेली संजीवनी त्याच्याकडंच बघत होती. अविराज फुलांच्या परातीशेजारी मान खाली घालून उभा होता. घरातलं एकही माणूस आता त्याच्या बाजूला नव्हतं. आणि नेमकं त्याच वेळी महाराजांनी फ्लेक्सकडं हात केला. "बघा, काय ते तेज! आणि इकडं विजयसिंहरावांकडं बघा. नाक तेच, डोळे तेच! शुद्ध बीजापोटी, फळे रसाळ गोमटी!"

मांडवानं माना डोलावल्या. संभाजीतात्यांनीही. विजयसिंहला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं. तो स्टेजवर गेला. माईक हातात घेतला.

"मंडळी, फुलं वाहायच्या आधी एक सांगायचंय. हा फोटो आमच्या आबांचा नाही."

मागं जेवणाच्या पंगतीची मांडामांड चालली होती ती थांबली.

"आबांचे दोस्त कुंडलिकराव, डाळजचे. लढाईत गेले. हा त्यांचा फोटो. आबा मागं उभे होते, त्यांना आमी कापलं. फक्त हात राहिलाय." त्यानं वर बोट केलं. "आमाला आमचा बाप वळखू आला न्हाय. मला न्हाय, घरात कुणालाच न्हाय. आबा सैनिक होते हे आमी मोठ्या अक्षरात लिवलं. पंप विकून त्यांनी आमाला वाढवलं, ते लिवायची आमाला लाज वाटली. माफी असावी."

कुणीतरी खोकलं. विजयसिंहला तात्यांकडं बघायचं धाडस होईना. एवढ्यात मधल्या रांगेतून कोऱ्हाळ्याचा एक म्हातारा उठला आणि ओरडला, "आरं, आमीबी न्हाय वळखला! पाठीला पंप असल्याबिगर फौजी आमाला ठावंच न्हाय! आमची आख्खी गल्ली भिजवली व्हती त्येनं!" आणि मांडव हसला. कुणी सांगू लागलं, आमच्याकडं अजून त्यांचा पितळी पंप आहे. कुणी म्हणालं, पंपाचा वायसर बदलायला म्हणून आला आणि माझ्या पोरीला स्थळ सुचवून गेला. वर्षभरात आबांच्या नावानं एवढी माणसं पहिल्यांदाच बोलत होती.

अविराज धावत जाऊन मूळ फोटो घेऊन आला. फ्लेक्सखाली खुर्ची ठेवून त्यावर तो मांडला, दोघांचा. हललेला का होईना, उभा राहिलेला आता सगळ्यांना दिसला. लीलाबाईंना संजीवनीनं धरून पुढं आणलं. त्यांनी पहिली ओंजळ वर बघून वाहिली आणि दुसरी खाली खुर्चीवर. मग बराच वेळ त्या तिथंच उभ्या राहिल्या, आणि मागची रांग त्यांच्यासाठी थांबली.

जेवणं झाली. हात धुताना तात्यांनी विजयसिंहच्या पाठीवर थाप मारली. "चूक कबूल करायला लई मोठं मन लागतं. अशी माणसं पॅनेलला पायजेत आमाला." जो तो येऊन हात हातात घेत होता. मोठं मन, मोठं मन. सकाळपासून छातीवर बसलेला दगड उतरला होता आणि खरं सांगायचं तर विजयसिंहला बरं वाटायला लागलं होतं. लाज चारचौघांत सांडली की तिचं कौतुक होतं, हे त्याला आजच कळलं होतं. संजीवनीला त्यानं दोनदा हाक मारली, "जेवलीस का गं?" तीही त्याच्याशी बोलली.

उन्हं कलली तेव्हा पिकअप निघाली. फ्लेक्सची गुंडाळी मागं बांधली होती आणि फोटो लीलाबाईंच्या मांडीवर होता. संजीवनीनंच तो दिला होता. विजयसिंह गाडीच्या उघड्या दाराशी गेला आणि वाकून त्यांच्या पायाला हात लावायला बघू लागला.

"ऱ्हाऊ दे बाबा, ऱ्हाऊ दे." त्यांनी त्याचा हात धरला. "आज लई पुन्य लागलं तुला. आन् लागनारच. भाऊजी तुझं लई कवतिक सांगायचं."

"माझं?"

"तर! शेवटचं आलं ते येष्टीनं, मोकळ्या हातानं. म्हनलं, वहिनी, आता येनं व्हायचं न्हाय. पोरगं म्हनतंय, आबा, आमच्यासाठी लई हिंडला, आता पाय दुखत्यात तुमचं, बसा घरी. असं म्हनून सोता पिशवी खांद्यावरनं उतरवून घितली म्हनं. सांगताना डोळ्यांत पानी आलं त्येंच्या. म्हनलं, असं पोरगं मिळायला नशीब लागतं." लीलाबाईंनी त्याचा हात दाबला. "खरंच आसं म्हनला व्हतास?"

ती दुपार विजयसिंहला लख्ख आठवत होती. शोरूम उघडून महिना झाला होता. पुण्याचे दोन डीलर समोर बसले होते आणि आबा इंदापूरच्या बाजारातून धुळीनं भरलेले आले, पिशवीतून नोझल काढून त्या डीलरांनाच दाखवायला लागले. विजयसिंहनं उठून त्यांच्या खांद्यावरची पिशवी ओढली होती. पट्टा आबांच्या कानाला लागला होता. "आबा, माणसांत तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाय तुमी. भिकाऱ्यागत हिंडायचं बंद करा." असं म्हणाला होता तो. आबा त्या दोघांकडं बघून हसले होते, आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले होते.

मांडवात सातशे माणसांपुढं त्याला सांगता आलं होतं. इथं एक म्हातारी होती, आणि तिनं त्याचा हात सोडला नव्हता. ज्ञानेशनं गाडी सुरू केली.

"व्हय काकी," विजयसिंह म्हणाला. "असंच म्हणालो व्हतो."